टाच

पत्र्याच्या देवळात दुपारी कोणी नसतं.
केराबाई त्रिभुवन वहाणा हातात घेऊन येते
(बाहेर ठेवल्या की कुत्रं नेतं)
आणि म्हणते, वाच बाई, त्या सुइणींचं वाच.

मी वाचते. मिसर देश. विटा थापणारी माणसं.
त्यांची लेकरं वाढत चालली तशी राजाची झोप उडाली.
त्यानं दोन सुइणींना बोलावून सांगितलं,
मुलगा निघाला तर तिथंच संपवा.
मुलगी असली तर राहू द्या.

केराबाई दर वेळी इथंच हसते.
"उलटा व्हता त्यो राजा. आपल्याकडं समदे सुलटे."

त्या दोघींची नावं तिच्या जिभेवर टिकत नाहीत.
थोरली आणि धाकटी म्हणते ती त्यांना,
जशा दुधनेपल्याड, मंठ्याकडं दिलेल्या नणंदाच.
राजाचं नाव काय गं, तिनं एकदा विचारलं.
नाही लिहिलेलं.
"सुइनींचं लिवलं न् राजाचं न्हाई? नीट बघ."
मी नीट बघितलं. नाही.
चिमूटभर तंबाखू तिनं कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली,
देवळात खायची नाही म्हणून.

राजापुढं त्या दोघी खोटं बोलल्या.
म्हणाल्या, ह्या बाया दणकट,
आम्ही पोचायच्या आतच मोकळ्या होतात.

"ही थाप म्या बी मारलीय," केराबाई म्हणाली.
आणि मग, पहिल्यांदाच, पुढचं सांगितलं.

भूकंपाच्या आदल्या साली. लाईट गेलेली.
एरवी ज्या उंबऱ्याला हिची सावली चालायची नाही
त्या घरात मागच्या दारानं घेतलेलं.
सासूनं हातावर कोरं लुगडं ठेवलं, घडी न मोडलेलं.
"तिसरी बी पोरगीच आसंल
तर आवाज न्हाई झाला पायजे."

पोरगीच होती. निळसर. गप्प.
काही करायचंसुद्धा नव्हतं, केराबाई म्हणते,
नुसतं थांबायचं होतं.
दोन बिड्या ओढून व्हाव्यात एवढा वेळ.

तिनं पायानं मागचं दार ढकललं
आणि पोरीच्या टाचेला असा चिमटा घेतला
की आधी कुत्री उठली,
मग शेजारचा कंदील, मग त्याच्या शेजारचा,
आणि अंधारातून एक म्हातारी ओरडली,
काय झालं गं?
"लक्षिमी आली!" केराबाईनं गल्लीला सांगितलं.
सासूला सांगितलं,
"म्या हात लावायच्या आधीच रडली. काय करू?"

लुगडं परत गेलं.
त्या आळीची ज्वारी दोन वर्षं बंद.

भ्याली नव्हतीस?
"भ्याले की." तिनं हात पुढं करून दाखवले.
तेव्हा कसे थरथरले ते दाखवायला गेली
आणि आता ते आपोआपच थरथरतात,
त्यामुळं मला नीट कळलं नाही.

मी उरलेलं वाचलं.
देवानं त्या सुइणींचं भलं केलं, त्यांची घरं वसवली.
"व्हय? माझ्या घरकुलाचा दुसरा हप्ता
दीड वर्षं झालं न्हाई आला.
छत न्हाई. इचार त्याला."
तिनं बोट वर केलं. वर पत्रा होता, आणि कबुतर.

ती पोरगी आता बसवर कंडक्टर आहे, परतूर-जालना.
आवाज असा की मोंढ्यातला हमालसुद्धा बाजूला होतो.
सरका पुढं, पुढं सरका, दारात कोण थांबलंय?
केराबाई मुद्दाम तीच गाडी धरते,
पुढची सीट सोडून मागं बसते
आणि ती फळीवर पाय देऊन घंटी मारते तेव्हा
तिच्या चपलेतून बाहेर आलेली टाच बघते.
वण नाही. चिमट्याचा कुठं राहतो.

सांगितलं का नाहीस तिला?

"काय सांगू? तुला..."
केराबाई उठली, वहाणा काखेत धरल्या.
"परवा सुट्टे मागत व्हती.
दिले."